गेंड्यांच्या पत्रिका

"वरचं काढून टाक, हेमा. वरचं वाऱ्याधुळीचं. आतलं घे, मऊ असतं ते."

आईला जाऊन किती वर्षं झाली ते हेमा आता मोजत नव्हती. पण सकाळी शेणाच्या गोळ्याला बोटं लागली की हे वाक्य कानाशी यायचंच. त्याच आवाजात, त्याच घाईत, जणू आई मागे उभी आहे आणि तिचा एक डोळा गॅसवरच्या दुधावर आहे. मग हेमा गोळ्याची वरची सुकलेली साल, तिला चिकटलेल्या काड्या, कचरा सोलून बाजूला ठेवायची, आतलं ओलं शेण पाण्यात कालवायची आणि तुळशीपुढचा शहाबादी फरशीचा तुकडा सारवून घ्यायची. वर रांगोळीची गोपद्मं. बाकीच्या बायका गोपद्मं काढतात ती चातुर्मासात. हेमा बारा महिने काढायची, कारण शेवटच्या आजारात आईनं हात धरून एवढंच मागितलं होतं, की तुळशीपुढचं मोडू नकोस. ती "नाही मोडणार" म्हणाली होती. घेतला वसा टाकायचा नसतो, मग अंगात ताप असो की पाहुण्यांनी घर भरलेलं असो.

कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर शेण नेणं ही काही साधी गोष्ट नव्हती. गावठाणात वैजनाथचा गोठा अजून तग धरून होता. चहूबाजूंनी इमारती उठल्या तरी त्याच्या गाई जागच्या हलल्या नव्हत्या. तिथून हेमा स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत, अशी जपून शेण आणायची. तरी सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये पाटी लावलीच: 'गोमय पवित्र आहे. लिफ्ट सार्वजनिक आहे. दोहोंचा मान राखावा.' हेमानं पाटी वाचली, मनात हसली आणि त्या दिवसापासून जिना धरला. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तरी डबा हातात असला की जिनाच.

तिचं दिवसभराचं कामही शेणाचंच होतं, हे मात्र सोसायटीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पाषाणच्या बाजूला एका संशोधन संस्थेत ती प्राण्यांच्या आनुवंशिकतेवर काम करायची. गेली काही वर्षं तिच्या फ्रीझरमध्ये झांबियातल्या मुकुंबी नावाच्या अभयारण्यातून काळ्या गेंड्यांची लीद येऊन पडत होती. शिंगांसाठी तिथले मूळचे गेंडे चोरट्यांनी कधीच संपवले होते. मग बाहेरून मूठभर आणून सोडले, आणि आज जे आहेत ते सगळे त्यांचेच लेक-नातू. एकाच घरात सोयरिकी होत राहिल्या की घराणं खंगत जातं. तसं होऊ नये म्हणून कोण कुणाचं ते शोधायचं, आणि वेळेवर एखादा नर बाहेर पाठवायचा, बाहेरचा आत आणायचा. आता गेंड्याला धरून रक्त कोण काढणार? पण लीद बाहेर पडताना आतड्याच्या अस्तराच्या पेशी बरोबर घेऊन येते. तेवढ्यावर त्याची सगळी कुळकथा वाचता येते.

हेमाचे वडील दीनानाथ, म्हणजे अण्णा, हयातभर बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात बसलेले. आता ऐकू कमी यायचं, पाय चालत नव्हते आणि जीभ मात्र दुकानातल्यासारखीच चालत होती. घरी कुणी आलं की खाटेवरून ओळख करून द्यायचे. "आमची हेमा आफ्रिकेतल्या गेंड्यांच्या पत्रिका बघते. सगोत्र निघाले की स्थळ मोडते. स्वतःची पत्रिका मात्र कुठं ठेवली ते विसरली." आलेली माणसं हसायची. पूर्वी हेमाही हसायची. अलीकडे हसण्याइतकंही बळ तिच्यात उरत नव्हतं. अण्णांना रात्री चार वेळा उठवून बसवायचं, सकाळी सारवण, पूजा, त्यांचं अंग पुसणं, मग बाईच्या स्वाधीन करून लॅब, संध्याकाळी परत तेच. दिवाळी तोंडावर आली होती, ऑक्टोबरचं ऊन अजून उतरत नव्हतं, आणि हेमाला कशाचीच हौस वाटत नव्हती. तिला फक्त झोपायचं होतं. वाईला तिची मामेबहीण अस्मिता राहायची. ती कधीपासून म्हणत होती, ये आठवडाभर, घाटावर बसू, मी तुला पाणीसुद्धा उचलू द्यायची नाही. या वेळी हेमानं खरंच रजा टाकली होती. अण्णांसाठी दिवसरात्रीची बाईही ठरवली होती. सोमवारी मुकुंबीच्या अहवालावर सही करायची आणि मंगळवारी वाई.

या अहवालावर बरंच काही अवलंबून होतं. मुकुंबीत एक म्हातारा नर होता. तिथल्या रखवालदारांनी त्याचं नाव ठेवलं होतं शिकुलू, म्हणजे त्यांच्या बोलीत आजोबा. अहवालाचं म्हणणं असं, की कळपातली जवळजवळ सगळी पिल्लं एकट्या शिकुलूची आहेत, कळप आतून फारच एकसारखा झाला आहे, तेव्हा शिकुलूला इथून हलवा. शेकडो मैलांवर एका कुंपणातल्या जागेत त्याला न्यायचं ठरलं होतं. पाऊस सुरू झाला की तिकडचे रस्ते चिखलात बुडतात, म्हणून त्याआधी ट्रक निघायचा होता. एवढ्या वयाच्या जनावराला भुलीचं इंजेक्शन देऊन इतकं लांब न्यायचं म्हणजे तो पुन्हा उठेलच याची खात्री कुणी देत नव्हतं. कळपासाठी तेवढं सोसायचं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

सगळ्यांनी म्हणजे मुतिंता सोडून.

मुतिंता ही मुकुंबीतली परिसरशास्त्रज्ञ. कुठला गेंडा कुठल्या झुडपाची डहाळी तोडतो, कुठल्या पाणवठ्यावर कोण कुणाला वाट देतो, हे तिला आपल्या गल्लीतल्या माणसांसारखं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी ती कामासाठी पुण्याला आली, तेव्हा हॉटेल सोडून हेमाकडेच राहिली. पहिल्याच सकाळी गॅलरीत सारवण चाललेलं बघून तिनं बाह्या सरसावल्या आणि शेजारी येऊन बसली. म्हणाली, माझी आजी आमच्या झोपडीची जमीन अशीच करायची. आणि हेमापेक्षा सफाईदार हात फिरवून दाखवला. अण्णांनी तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तुमच्यात गोत्र असतं का? असतं, ती म्हणाली, पण ते आईकडून येतं, आणि एका कुळात लग्न चालत नाही. अण्णा खूश झाले. "म्हणजे आमच्यापेक्षा शहाणे. आई कोण एवढं तरी नक्की माहीत असतं." हेमानं ते भाषांतर करून सांगितल्यावर मुतिंता खूप हसली. गेंड्यांचंही हेच आहे म्हणाली. पिल्लू आईमागे फिरतं म्हणून आई कळते, बाप मात्र तुझ्या यंत्रालाच विचारावा लागतो.

निघायच्या सकाळी ती पुन्हा गॅलरीत येऊन बसली. प्रत्येक गेंड्याच्या लिदीचे दोन भाग करून ती दोन खोक्यांत पाठवायची. एक कामाला, एक तसंच मिटलेलं. ती म्हणाली, "शंका आली तर दुसरं खोकं उघड. आणि मला सांग. जनावर गाडीत चढायच्या आधी सांग, नंतर नको. चूक माझी असेल, तुझी असेल, आणखी कुणाची असेल. शब्द दे."

हेमाचा हात शेणानं भरलेला होता. तसाच तिनं तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "दिला."

आता अहवालाचा मसुदा गेल्यापासून मुतिंता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. फाटक्या कानाचा एक तरणा नर आहे, गेले काही हंगाम तो माद्यांबरोबर आपण स्वतः पाहिला आहे, आणि अहवालात त्याच्या नावावर एकही पिल्लू नाही, हे कसं? शिवाय शिकुलू झऱ्याजवळ बसून असतो म्हणून बाकीचे नर एकमेकांना फाडत नाहीत. त्याला काढलं तर पहिल्याच कोरड्या महिन्यात तिथं रक्त सांडेल. गेल्या आठवड्याच्या ऑनलाइन बैठकीत मुकुंबीचे साहेब तिला म्हणाले, की डोळे चुकतात, आकडे चुकत नाहीत. मुतिंतानं वाद घातला नाही. पडद्यावरून हेमाकडे बघत एवढंच म्हणाली, "माझे डोळे म्हातारे झाले असतील." ते वाक्य हेमाला टोचलं होतं. पण तिनं आकडे पुन्हा पुन्हा पाहिले, ते तेच निघाले, आणि ती गप्प बसली.

शनिवारी अण्णांना सांभाळणारी बाई आली नाही. रात्रही वाईट गेली होती, त्यामुळे सारवणाला दहा वाजून गेले. हेमा स्टुलावर बसून गोळा सोलत होती, तेवढ्यात आम्रपाली आली. आम्रपाली तिची विद्यार्थिनी. खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, शांत, चिकाटीची मुलगी. हेमाला घर सोडता येत नाही म्हणून अहवालाची शेवटची प्रत वाचायला घेऊन ती बस बदलत आली होती. हेमानं तिला गॅलरीच्या उंबऱ्याशी खुर्ची दिली, हातातलं संपवते म्हणाली. आम्रपाली चहा घेत बघत राहिली आणि मग हसली.

"मॅडम, मी लॅबमध्ये अगदी असंच सोलते."

"काय सोलतेस?"

"लीद. तुम्ही सांगितलं होतं ना. वरचं काढून टाक, आतलं घे."

हेमाची बोटं थांबली. "मी कधी सांगितलं?"

आम्रपालीला सगळं नीट आठवत होतं. मागच्या श्रावणात अण्णांना दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा नवीन खोकं आलं. तोवर तिनं फक्त रक्ताचे नमुने हाताळले होते. लिदीचं काम हेमा तिला शेजारी बसवून दाखवणार होती, ते राहून गेलं. खोकं उघडलं तर लिदीच्या तुकड्यांना वाळू, गवत, मेलेल्या मुंग्या चिकटलेल्या. तिनं घाबरून फोन लावला, हे सगळं वर लागलंय, काय करू? पलीकडून मॅडमनी लगेच सांगितलं, वरचं काढून टाक, आतलं घे.

"आमच्याकडे सारवण वगैरे कधी कुणी केलंच नाही," आम्रपाली म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला यातलं बरोबर माहीत असणार."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं हेमाला वाटलं.

तिला तो फोन आठवला. दवाखान्यातून अंघोळीपुरती घरी आली होती ती. तुळशीपुढे बसली होती, हात शेणात, फोन फरशीवर स्पीकर लावून ठेवलेला. मुलीनं विचारलं आणि तिच्या तोंडून आई बोलून गेली. वाळू झटकून टाक एवढंच सांगायचं होतं. पण सारवायला जे टाकायचं असतं, नेमकं तेच तिथं ठेवायचं असतं. आतड्याला घासून आलेल्या पेशी बसतात त्या लिदीच्या वरच्या, बुळबुळीत, वाळल्यावर चकाकणाऱ्या पापुद्र्यात. आत नुसता चघळलेल्या काटक्यांचा भुसा. आम्रपालीनं अख्ख्या कळपाचा तो पापुद्रा स्वच्छतेनं सोलून कचऱ्यात टाकला होता आणि भुसा नळीत भरला होता.

आणि मुलगी चिकाटीची. यंत्रानं काही दाखवलं नाही की पुन्हा लावायची, काहीतरी दिसेपर्यंत लावायची. भुशात कुठंतरी तुरळक पेशी असायच्याच, त्यामुळे काहीतरी दिसायचं. पण अर्धंच. प्रत्येक प्राण्याला एकेका जागी दोन खुणा मिळतात, एक आईची, एक बापाची. पेशी अपुऱ्या असल्या की यंत्राला एकच पकडता येते, दुसरी निसटते. दोघांनी एकदम हाक मारावी आणि अण्णांना एकाचीच ऐकू यावी, तसं. मग वाटतं, दोन्हीकडून एकच खूण आली, म्हणजे आईबाप जवळचे नातलग. सगळा कळप असा एका घरचा दिसायला लागला होता. शिकुलूचा नमुना तेवढा जुना, पूर्वी कधीतरी त्याला भूल दिली तेव्हा काढलेल्या रक्ताचा आणि चांगला होता. सगळ्या पुसट चेहऱ्यांत एक स्पष्ट चेहरा, म्हणून यंत्रानं पिल्लं त्याच्या पदरात घातली.

हेमानं हे आम्रपालीला समजावून सांगितलं. सांगता सांगताच पोरीचा चेहरा उतरत गेला. डिसेंबरात तिला प्रबंध द्यायचा होता, आणि त्याचा अर्धा भार या आकड्यांवर होता. तिनं कप खाली ठेवला आणि अहवालाची पिशवी छातीशी धरून बसली.

"पण मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं," ती फार हळू म्हणाली.

"विचारलं होतंस," हेमा म्हणाली. "नंतर एकदाही मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहिले नाही."

फरशी अर्धी सारवायची राहिली होती. हेमानं ती पूर्ण केली, गोपद्मं काढली, हात धुतले आणि आम्रपालीला बळेच पोहे खायला लावले. मग तिला घरी पाठवलं.

दुपारी तिनं शौनकला फोन केला. शौनक कधीकाळी तिचा विद्यार्थी होता, आता विभागाचा प्रमुख. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तोही काही चुकीचं बोलला नाही, हीच पंचाईत होती. दुसरं खोकं उघडायचं तर सगळं काम पहिल्यापासून आलं. तिकडे ट्रक ठरलाय, परवानग्या झाल्यात, लोक नेमलेत. आम्रपालीचं वर्ष जाईल. संस्थेचं नाव जाईल. कळप लहान आहे, तेव्हा तो थोडाफार एकसारखा निघणारच, निष्कर्ष कदाचित बदलणारही नाही. एक तळटीप टाकू, की काही नमुन्यांचा दर्जा मर्यादित होता. खोटं तर नाही ना ते?

"नाही," हेमा म्हणाली. "खोटं नाही."

"मग झालं तर. मॅडम, तुम्ही फार दमलायत. तुम्ही वाईला जा." आणि थोडं थांबून, समजूत घातल्यासारखं म्हणाला, "तो शिकुलू तसाही म्हाताराच आहे."

हेमानं खाटेकडे पाहिलं. अण्णा तोंड उघडं टाकून झोपले होते. उशीवर एक पिकलेला केस पडला होता.

तिनं फोन ठेवला आणि खाटेच्या शेजारी जमिनीवरच आडवी झाली. फरशीचा गारवा पाठीला बरा वाटला. तिला उठावंसंच वाटेना. तळटीप. केवढासा शब्द. सोमवारी सही, मंगळवारी घाट, कृष्णेचं पाणी, अस्मिताच्या हातची भाकरी. दुसरं खोकं म्हणजे रोज उभं राहून एकेका तुकड्याची साल टूथपिकनं खरवडायची, आणि या वेळी दुसऱ्या कुणावर टाकून चालणार नाही. गुडघे, अण्णा, दिवाळी. तिनं डोळे मिटले. देवाजवळ ती सहसा काही मागत नसे. आज मागितलं, की मला हे विसरता येऊ दे. एक दिवा लावते, एक उपास जास्तीचा करते, पण हे विसरता येऊ दे.

मागितल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. एक व्रत मोडायची सोय म्हणून दुसरं व्रत.

"काय गं, खाली का निजलीस? फरशी सारवायची राहिली का?" अण्णा जागे झाले होते.

ती उठून खाटेच्या कडेला बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागल्यामुळे ते आणखीच उघडंवाघडं वाटलं. अण्णांनी छताकडे बघत ऐकलं.

"म्हणजे शेण खाल्लंस."

"हो, अण्णा."

"आणि तुझी ती विद्यार्थिनी उपाशी राहणार, ती वेगळीच." त्यांनी थोडा श्वास घेतला. "त्या मुतिंताला शब्द दिला होतास ना? मी इथूनच ऐकलं होतं. तेव्हा ऐकू यायचं मला."

हेमानं त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"मग जा. मी कुठं पळून जातोय? तुझा तो आजोबा मात्र गाडीत बसायचाय." मग त्यांनी कूस बदलायला हात पुढे केला आणि तिनं त्यांना वळवलं.

पाठमोऱ्या अण्णांजवळ बसूनच तिनं मुतिंताला फोन लावला. तिकडे अजून सकाळच होती. मागे कुठले तरी पक्षी ओरडत होते. हेमानं आडपडदा ठेवला नाही. डोळे म्हातारे झालेले नाहीत, आमचं काम चुकलं, असं चुकलं, आणि माझ्या तोंडच्या वाक्यानं चुकलं.

"तू अजून सारवतेस?" मुतिंतानं विचारलं.

"रोज."

"माझी आजीही साल काढून टाकायची." तिच्या आवाजात हसू होतं की दमणूक, ते कळलं नाही. "मला लीद गोळा करायला शिकवलं तेव्हा माझी बोटंही आधी आतच गेली होती. कुणीतरी मनगट धरलं म्हणून."

मग ती कामाचं बोलली. ट्रक आपल्या हातात नाही. पण एवढं सांगितल्यावर साहेबांना पंधरा दिवस तरी थांबावं लागेल. त्यापुढे पाऊस कुणाचं ऐकणार नाही. आधी फाटक्या कानाचा बघ, मग पिल्लं. शिकुलूचीच निघाली तर तसं सांग, मी स्वतः त्याला गाडीत चढवीन. पण आकडे खरे दे.

"आणि खरवडायचं तू. तुझ्या हातानं."

"माझ्याच हातानं," हेमा म्हणाली.

संध्याकाळी तिनं शौनकला निरोप धाडला, की सोमवारी सही होणार नाही, कारण लेखी देते, चूक माझ्या नावावर लिही, मुलीच्या नाही. त्याचं उत्तर आलं नाही. अस्मिताला फोन करून वाईचं रद्द केल्याचं सांगितलं. अस्मिता रागावली. म्हणाली, तुझ्या नशिबात शेणच आहे बाई, इथलं नाही तर तिथलं. मग जरा मऊ होऊन म्हणाली, दिवाळीनंतर मीच येते, अण्णांना बघायला. आम्रपालीला हेमानं एवढंच कळवलं, की सोमवारपासून शेजारी उभी राहा, या वेळी मी दाखवते. प्रबंधाचं काय होईल ते तिला सांगता आलं नाही. तिलाच माहीत नव्हतं.

रविवारी उजाडलं तेव्हा अंग ठणकत होतं. वैजनाथकडून शेण आणलं, जिना चढली, स्टुलावर बसली. वरचं काढून टाक, आई म्हणाली. हेमानं साल सोलली, पण रोजच्यासारखी बाजूला टाकली नाही. उन्हाच्या तिरिपेत धरून पाहिली. सुकलेल्या भागावर कुठं कुठं बारीकशी चकाकी होती, गोगलगाय गेल्यासारखी. इतकी वर्षं ती कुंडीतच जात आली होती. आजही तिनं कुंडीतच टाकली, कारण इथं तिची जागा तीच होती. आतलं ओलं घेऊन फरशी सारवली, गोपद्मं काढली, नमस्कार केला. काही मागितलं नाही.

अण्णांची बाई आज आली होती. त्यांना पेज भरवून झाली होती, आणि ते वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते. हेमानं पोळीभाजीचा डबा भरला, फ्रीझरच्या खोलीची किल्ली पर्समध्ये आहे ना ते चाचपून पाहिलं. टूथपिकचं नवं पाकीट स्वयंपाकघरातून घेतलं. लॅबमध्ये असतात, पण सुट्टीच्या दिवशी कपाटाला कुलूप असतं. चपला हातात घेऊन ती दारापर्यंत गेली, आवाज होऊ नये म्हणून बाहेर जाऊन पायात घातल्या, आणि दार हळू ओढून घेतलं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल टाकताना गुडघ्यातून कळ आली. आज दिवसभर उभं राहायचं होतं, आणि उद्याही, आणि परवाही. हातात आत्ता शेणाचा डबा नव्हता. ती मागे वळली, लिफ्टचं बटण दाबलं, आणि लिफ्ट वर येईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली.